उभ्याचं टेबल

टेबल डुगडुगत होतं. पुन्हा. वर हात टेकला की डावीकडे कलायचं, हात काढला की उजवीकडे. आणि मी, मोडक्या पायाचा पुंजाराम, हातात करवत घेऊन त्याच्या चारी पायांना शिव्या घालत उभा होतो.

तुम्ही म्हणाल, सुताराला टेबल कशाला? बोईसरचा चिंधू सुतारही तेच म्हणाला. तो जमिनीवर बसतो, फळी पायांनी दाबून धरतो आणि रंधा मारतो. मला म्हणाला, "सुतार बसून काम करते. उबा राते तो मुकादम." आता याला काय सांगायचं? मासवणला लाकडं भरताना मी ट्रकवरून पडलो, तेव्हापासून माझा उजवा गुडघा वाकतच नाही. जमिनीवर बसता आलं असतं तर हा उपद्व्याप केला असता कशाला?

तिकडे तारापूरला अणुवीजघर उभं राहत होतं आणि इकडे कामगारांच्या खोल्या बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी हमाली करायचो. पाय गेला तशी हमालीही गेली. ठेकेदाराचा मुकादम चंद्रभान आमच्या येवल्याकडचा, म्हणून एवढं तरी बोलला, "आता सुतारकी शिक. पावसाळ्याआधी दाराची एक चौकट नीट करून दाखव. जमली तर पुढच्या सगळ्या तुझ्या. नाही जमली तर गावाकडं जा बाबा." गावाकडं म्हणजे भावाच्या ओसरीवर. ज्या भावाशी भांडून निघालो त्याच्याच दारात पाय लांब करून बसायचं आणि वहिनी वाढील तेवढं खायचं. माझ्या जिवावर आलं होतं ते.

म्हणून हे टेबल. चंद्रभानच्या हातापाया पडून सेंट्रिंगच्या जुन्या फळ्या आणि वासे मिळवले. वाकडे खिळे ठोकून सरळ केले. कंबरेएवढं उंच टेबल केलं, घासलं, जवसाचं तेल पाजलं. तेल वाळायच्या आत शेजारणीची कोंबडी त्यावरून चालत गेली, ते सोडून द्या. माझी बायको मैनाबाई लांबूनच म्हणाली, "दिसतंय चांगलं. पण हलतंय."

हलणारच. आयुष्यातलं पहिलं टेबल होतं ते. मी एक पाय जरासा कापला, तसं ते गप्प बसलं. आठवड्यानं पाहतो तर पुन्हा डुगडुग. मग दुसरा पाय कापला. तो जास्तच कापला गेला म्हणून उरलेले तिन्ही कापले. असं करत करत टेबल माझ्या गुडघ्याला आलं.

आता त्यावर काम करायचं तर बसायला हवं, आणि बसता येत असतं तर... जाऊ द्या. डोकंच फिरलं माझं. पायांखाली विटा लावल्या, तर रंधा मारला की टेबल विटांवरून खाली उतरायचं. नवे वासे मागायला गेलो, तर चंद्रभान म्हणाला, "पाय तूच कापलेस, आता तूच जोड."

त्या दिवशी शेवटी करवत खाली ठेवली आणि दोरी घेऊन चारी पाय मोजले. सारखे. पुन्हा मोजले. सारखेच. तरी टेबल हलतंय. तेवढ्यात मैनाबाई शेणाची पाटी घेऊन सारवायला आली. दर आठवड्याला सारवायची ती. टेबल सरकवायची, चांगला जाड हात द्यायची, वाळलं की टेबल जागेवर. आणि दर खेपेला भुई कुठं फुगायची, कुठं दबायची. मी इतके दिवस लाकूड कापत होतो आणि दोष सगळा भुईचा.

"तुझ्या सारवण्यापायी माझं टेबल गेलं," मी ओरडलो.

"मग काय उकिरड्यात राहू? सारवू नको म्हणून सांगायचं तरी. सगळा राग लाकडावर, नाहीतर माझ्यावर. खड्ड्यात जा तुम्ही आणि तुमचं टेबल."

एवढं बोलून तिनं टेबलाकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि बाहेरून कुदळ घेऊन आली. मला वाटलं, टेबल फोडतेय.

"सरका बाजूला," ती म्हणाली. "माझा बाप जन्मभर खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला. लुगडी विणायचा तो. टेबल वर येत नाही ना, मग तुम्ही खाली उतरा."

तिनं टेबलाच्या कडेला गुडघाभर खड्डा खणला. चारी पायांखाली चपटे दगड ठोकून बसवले. घरमालक पालघरला राहायचा म्हणून बरं, नाहीतर त्यानं आम्हालाच त्या खड्ड्यात पुरलं असतं. मी चडफडत तिच्या खांद्याला धरून आत उतरलो. टेबल कंबरेला लागलं. रंधा मारला. हललं नाही. पुन्हा मारला, रागानंच मारला, तरी हललं नाही. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून लगेच चौकट झाली असं नाही. एक सांधा ढिला राहिला, एक फाटला, दोनदा सगळं उचकटून पुन्हा ठोकलं. आभाळ भरून यायला लागलं तेव्हा कुठं ती उभी राहिली. चंद्रभान आला, त्यानं गुण्या लावून चारी काटकोन तपासले. मग म्हणाला, "पुढच्या चौकटींचं लाकूड उद्या पाठवतो." आणि निघालासुद्धा.

त्याला दारापर्यंत पोचवावं म्हणून मी घाईनं वर यायला गेलो, तर पाय कडेवर चढेना. एरवी मैनाबाईचा खांदा असायचा. आत्ता ती चुलीपाशी भाकरी थापत होती.

"अगं, मला वर काढ."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "गावाकडं नको, इथंच राहायचं होतं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "राहा मग."