एको पॉइंटावरची हाक

चण्याची एक रिकामी पुडी वाऱ्यानं येऊन चिंतामणच्या बुटाला चिकटली — तेलकट, आतून मिठानं खरखरीत — आणि त्याचं डोकंच फिरलं. बघा म्हणावं, ही यांची निसर्गाची आवड! पहाटेच्या एस.टी.नं महाबळेश्वरला यायचं, चणे खायचे, पुड्या भिरकावायच्या आणि कठड्याला ओणवं होऊन आपापल्या नावानं बोंबलायचं... दरीनं तेच नाव परत दिलं की टाळ्या. अरे, स्वतःचं नाव ऐकायला इतक्या लांब कशाला यायला हवं?

"निघू या का?" तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"आत्ताच तर आलो," चारुलता म्हणाली.

नऊ वर्षं त्याची बायको या एका सहलीसाठी मागं लागली होती, आणि नऊ वर्षं तो सांगलीत बसून सांगत आला होता — गर्दीच्या जागा गावंढळांसाठी असतात. आजही सकाळपासून त्यानं तिला चिटपाखरू नसलेल्या झाडीतून फिरवलं होतं. ती मुकाट चालली, आणि ते मुकाट चालणंच त्याला आता टोचत होतं... एक दिवस, निदान आजचा दिवस तरी ती खूश होऊन घरी जावी, एवढंही आपल्याच्यानं व्हायचं नाही का?

शेजारी कोरेगावकडचा कुणी फौजी, रजेवर आलेला, "रंगेऽऽ!" म्हणून ओरडला. दरी म्हणाली, रंगेऽऽ. त्याची बायको पदरात तोंड लपवून हसत सुटली. "आवं, मान्सं बगत्यात की!" मग ओळख ना देख, चारुलताला कोपरानं ढोसून म्हणाली, "ताई, तुमी बी मारा की हाक. मालकांचं नगं, आपलंच नाव घ्या. लय ग्वाड वाटतं!"

ही कसली मारतेय, चिंतामणला वाटलं. तिनं कठडा धरला.

"मनूऽऽ!"

मनू... मनू... दरी म्हणत राहिली, आणि ती खळखळून हसली, त्या परक्या बाईचा हात धरून.

मनू — तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'चारुलता' लिहून त्यानंच ते मोडीत काढलं होतं. गावंढळ वाटलं म्हणून. तिला कुणी विचारलं होतं? छे, तसं विचारायचंच नसतं... पण मग इतकी वर्षं तिनं ते ठेवलं कुठं? माझ्या घरात तर नाही. माझ्यासमोर ती अशी हसलेलीही मला आठवत नाही.

"सायेब, आता तुमी," फौजी म्हणाला.

तो पुढं झाला. चारुलता म्हणावं, तर ते त्याचंच. मनू म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? ती त्याच्याकडं बघत होती, हसू जरासं आवरून — आणि आपल्या बायकोला हाक कशी मारायची, हे त्याला कळेना.