सहा मे की पाच जून?

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा रकाना आहे. शिर्डीच्या एका लॉजची वेबसाइट होती. तिथे खोली राखून ठेवण्यासाठी जो फॉर्म भरायचा, त्यात १९९९ साली माझा जन्म झाला. लॉजचे मालक रंगनाथराव. त्यांची भाची वृषाली नगरला कॉम्प्युटर शिकली आणि तिने मला घडवले. माझ्या शेजारी 'येण्याची तारीख' एवढेच लिहिलेले असे.

मी मोठा दिलदार होतो. कोणी आकड्यांमध्ये तिरकी रेघ देई, कोणी टिंब. मी कोणालाच नाही म्हटले नाही. एकाने तर सरळ 'गुरुपौर्णिमा' लिहिले, तेही मी ठेवून घेतले. परदेशात बसून शिर्डीतली खोली मिळते म्हणून लोक माझे तोंडभरून कौतुक करत.

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या आदिनाथने आपल्या आईवडिलांसाठी माझ्यात 06/05/1999 असे लिहिले. रंगनाथरावांनी ते सहा मे असे वाचले. ऐन सुट्टीच्या गर्दीत खोली दिवसभर रिकामी राहिली आणि ते भलतेच चिडले.

पाच जूनला कर्जतहून आदिनाथची आई साळूबाई आल्या. सोबत काठी टेकत त्यांचा नवरा. लॉज भरलेला होता.

"मावशी, तुमच्या मुलानं खोली घेतली ती गेल्या महिन्यातल्या सहा तारखेची. आता पाच जून म्हणून सांगतोय तो. थाप मारली त्यानं तुम्हाला," रंगनाथराव म्हणाले.

"माजा आदिनाथ खोटं बोलायचा न्हाई. पाच जूनच म्हनला हुता," साळूबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही मनात शंका आली. परदेशी गेलेला पोरगा बदलला, असे गावात लोक बोलतच होते. मला फार वाईट वाटले, कारण खरे काय ते माझ्यापाशी होते आणि मला बोलता येत नव्हते.

वृषालीने फॉर्म उघडला. माझ्यातले आकडे तिने पुन्हा वाचले.

"मामा, अमेरिकेत आधी महिना लिहितात, मग दिवस. यांच्या मुलानं पाच जूनच लिहिलंय. चुकीचं आपण वाचलं."

रंगनाथराव उठले. "मावशी, चुकलं आमचं," म्हणत त्यांनी आपल्या स्वतःच्या घरातली खोली उघडून दिली.

साळूबाई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलं का? आपल्या पोराचं बरोबर हुतं."

पुढे वृषालीने माझे तीन भाग केले: दिवस, महिना, वर्ष. महिना आकड्याने लिहायचा नाही, यादीतून नावाने निवडायचा. तीन तुकडे होऊनही माझा रुबाब वाढलाच, कारण पुन्हा कोणाची तारीख चुकली नाही.

आता ती वेबसाइट बंद आहे आणि मला कोणी उघडत नाही. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, तुम्ही कधी फॉर्म तयार कराल तेव्हा महिन्याला त्याचे नाव द्या. आणि दोन आकड्यांवरून कोणाच्या लेकाला त्याच्या आईसमोर खोटे ठरवू नका.