डाव्या हातात नको

मूळव्याधीचं रक्त जातंय, ही गोष्ट गुरुशांतअप्पांनी लेकीपासून लपवून ठेवली. असलं दुखणं बायकोला सांगायचं. आणि बायको तर उन्हाळ्यातच गेली. चक्कर येऊन ते न्हाणीत बसले, तेव्हा कुठे सिद्धेश्वरीला कळलं.

हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती, म्हणून कापणं जोखमीचं. डॉक्टरांनी दुसरी वाट सुचवली. उजव्या मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालायची आणि मूळव्याधीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आतूनच बंद करायच्या.

"म्हंजे आमच्या पेठेतलं पाणी बंद करत्यात, तसं की," अप्पा म्हणाले.

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "फक्त हे परत सोडायचं नाही."

अप्पा हसले. पण आत न्यायच्या वेळी सिस्टरनं त्यांच्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट केलं. "आजोबा, धातूचं सगळं काढायचं."

डबीत इष्टलिंग होतं, लिंगायतानं कायम अंगावर बाळगायचं. लहानपणी दीक्षा झाल्यापासून ते अंगावरून उतरलं नव्हतं.

"मग ऱ्हाऊ द्या." खाटेखाली चपला शोधत अप्पा लेकीला म्हणाले, "चल अव्वा, घरी."

"अप्पा, अंगात रक्त किती उरलंय, माहीत आहे ना?"

"हाय माहीत. ह्येला उतरवून जगायचं असंल, तर लई जगलो की."

सिस्टर समजूतदार होती. "नुसती डबी काढा. आतलं कापडात गुंडाळून डाव्या हातात धरा. तो हात मोकळाच असतो."

अप्पांना पटलं. लिंग कापडात घेऊन ते उताणे झाले, डावा तळहात उघडला. सिद्धेश्वरीनं ते पाहिलं. उन्हाळ्यात आईला पुरण्यासाठी समाधीत बसवताना तिच्याही डाव्या तळहातावर लिंग असंच ठेवलं होतं. बोटं मिटत नव्हती. ती सिद्धेश्वरीनं मिटवली होती.

"डाव्या हातात नको," ती म्हणाली.

"आता काय झालं?" सिस्टरनं विचारलं.

अप्पांनी एकदा हाताकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"बराबर हाय तिचं," ते हळूच म्हणाले. "तितं धरायला अजून येळ हाय. गळ्यातच बांध, अव्वा."

सिस्टरनं बँडेजची पट्टी दिली. सिद्धेश्वरीनं कापडातलं लिंग तिच्यात गुंडाळलं आणि पट्टी अप्पांच्या मानेमागून घेऊन गाठ मारली.

"घट्ट झालं का?"

"असू दे. तुजी आई डबीचा दोरा सैल बांधायची. परत परत बांधाय मिळावं म्हणून, दुसरं काय."

दुपारी त्यांना बाहेर आणलं. मनगटावर दाबपट्टी, चेहरा थकलेला. काम नीट झालं होतं. रक्त थांबेल, असं डॉक्टर सांगून गेले.

"सोड आता ती गाठ," अप्पा म्हणाले. "डबी घालतो."

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली.