घोडेस्वाराचा पत्रा

त्या मार्चमध्ये महेंद्रला एका जागी बसवत नव्हतं. कॅम्प पाचमधल्या त्याच्या दुकानात लोकांचे टीव्ही पोट फाडून पडलेले असत आणि हा शटर अर्ध्यावर ओढून मागच्या मैदानात पसार झालेला असे. गिऱ्हाइकं घरी येऊन बोंब मारत. बायको स्वप्नाली त्यांना चहा पाजी आणि मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार करी.

ही खाज सुरू झाली विहारातल्या मीटिंगमध्ये. जयंतीला हॉलच्या एका भिंतीवर वस्तीतल्या फौजी माणसांचे फोटो लावायचं ठरलं, तेव्हा महेंद्रनं ताडकन हात वर केला. "आमचे आजोबा, बुधाजी. आईचे वडील. लढाईच्या वेळी इथल्याच कॅम्पात होते."

मागून कुणीतरी बोललं, "मिलिटरीत होते का मिलिटरीच्या भटारखान्यात?"

हॉल हसला. सेक्रेटरी विक्रांत भला पोरगा, त्यानं सावरून घेतलं. "दादा, फोटो, बिल्ला, काहीतरी आणा ना. लगेच लावू." आता बुधाजीचा फोटो कुठून आणायचा? त्या माणसानं जन्मात कॅमेरा पाहिला नव्हता. पण महेंद्रला ते हसणं झोंबलं ते झोंबलंच. आजोबा भिंतीवर गेल्याशिवाय त्याला अन्न गोड लागणार नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात हा सगळा मुलूख लष्कराची छावणी होता. मग फाळणीनंतर बराकींत सिंधी कुटुंबं आली, मग बराकी जाऊन इमारती आल्या. दुकानामागे तेवढा एक पट्टा उरला होता. तिथं गवतातून बराकींचे पाये अजून डोकावत. त्यालाही एका बिल्डरनं पत्रे ठोकले होते आणि जयंती झाली की जेसीबी लागणार होता. म्हणजे जे काय शोधायचं ते त्याआधीच.

महेंद्रच्या हाताला गुण होता, धीर तेवढा नव्हता. त्यानं बादलीच्या झाकणावर तांब्याची तार गुंडाळली, जुन्या ट्रान्झिस्टरचा डबा काठीला बांधला, कानाला हेडफोन लावला, आणि धातू लागला की कुईं करणारं मशीन तयार झालं. ते घेऊन तो गवतात फिरू लागला की शेजारचा भंगारवाला शेठ पत्र्यावरून ओरडे, "महिंदर, सोना मिला तो आधा अपना, साईं!" मिळत काय होतं? तंबूचे गंजके खुंटे, पट्ट्याचं बक्कल, झिजलेला चमचा, काडतुसाची रिकामी नळकांडी. ही छावणी होती हे सगळं ओरडून सांगत होतं, पण त्यातलं काहीच बुधाजीचं नाव घेत नव्हतं.

घरी आई सरस्वती. वस्तीत तिचा मोठा मान. दर जयंतीला ती माईक हातात घेई आणि छप्पन सालची तीच गोष्ट सांगे: नागपूरहून दीक्षा घेऊन आलेल्या बापानं घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि वालधुनी नदीत सोडले. "माझ्या बापानं मागं वळून पाहिलं नाही!" या वाक्याला टाळी ठरलेली. आधी आधी ती महेंद्रवर करवादली होती, "कशाला ती माती उकरतोस?" पण रोज संध्याकाळी त्याच्या चपला निघायच्या आत विचारायची मात्र, "काय लागलं का रे?" महेंद्रला वाटे, म्हातारीलाही बापाचा अभिमान आहे.

आणि एका रविवारी लागलं. बराकीच्या कोपऱ्याबाहेर मशीन असं काही किंचाळलं की महेंद्रनं हेडफोनच काढून फेकला. खुरप्यानं वीतभर उकरल्यावर मातीची झाकणी निघाली, तिच्याखाली कुजक्या चिंधीत अर्ध्या तळहाताएवढा पत्रा. काळाठिक्कर पडलेला. त्यानं थुंकी लावून शर्टाला घासला तशी आत पांढरी चकाकी दिसली, आणि उठाव दिसला: घोड्यावर माणूस, हातात उगारलेली तलवार. त्याच्या मागे घोड्यावरच आणखी एक जण. पायाशी कुत्रा.

महेंद्र तिथंच नाचायचा बाकी राहिला. घोडदळ! आजोबा घोडदळात होते! मागे बसलेला म्हणजे जखमी दोस्त, त्याला उचलून आणलाय. आणि खाली पलटणीचं कुत्रं. सगळं कसं चपखल बसलं.

हसू नका त्याला. त्याच्या घरात पन्नास वर्षं बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशिवाय दुसरं काही लागलं नव्हतं. देवादिकांचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा आई दारातूनच परत करी. टीव्ही दुरुस्तीला तो शंभर घरांत गेला असेल, पण हॉलच्या पुढे कधी गेला नाही, आणि देवघरं असतात आत. विक्रांतही त्याच्याच घडणीचा. त्यानं मोबाइलवर फोटो काढला, चार जणांना फोन केले आणि फ्रेमची ऑर्डर देऊनच टाकली. खाली मजकूर ठरला: घोडदळातील शूर सैनिक बुधाजी.

आई बहिणीकडे बदलापूरला, हेंद्रेपाड्यात गेली होती. ती येईपर्यंत महेंद्रनं दारात शंभर येरझाऱ्या घातल्या. ती आली तशी त्यानं पत्रा तिच्या हातावर ठेवला. खांद्यावरची पिशवी तशीच ठेवून सरस्वती उंबऱ्यावर खाली बसली.

"कुठं लागला?"

"बराकीच्या कोपऱ्यावर. आई, आजोबा घोडदळात होते! विक्रांतनं फ्रेम पण..."

"गप जरा." ती अंगठ्यानं पत्रा चोळत राहिली. "घोडदळ नाय रे हे. खंडोबा हाय. मागं म्हाळसा बसलीय."

महेंद्र हसला. मग त्यानं आईचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू जिरलं. "पण देव तर नदीत सोडले ना? तूच दरवर्षी सांगतेस."

"बाकीचे सोडले." सरस्वती म्हणाली. "तुझा आजा शिपाई नव्हता, महेंद्र. हे बराकींचे पाये खणायला होता. मिलिटरी उठली तेव्हा हातात चार पैसे पडले, त्याचे माझ्या पाठच्या म्हादूला चांदीचे वाळे केले. पोरगं दोन वर्षांचं झालं आन तापानं गेलं. आईनं ते वाळे आटवले नि हा टाक करून देवात ठेवला. मग बाप नागपूरहून आला, टोपली भरली. आईनं हा तेवढा पदराखाली घेतला. मला म्हणली, 'देव सोडला गं, पोरगं कसं सोडू?' आम्ही दोघींनी मिळून पुरला. पुढं बराकी पडल्या, खुणा गेल्या. मरेस्तोवर शोधत होती ती. बापाला कधी कळलं नाय."

महेंद्रला काय वाटलं? खरं सांगायचं तर आधी राग आला. आजोबांचा आला, आईचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या फ्रेमचा आला. "आता मी लोकांना काय तोंड दाखवू? माझी तर पार इज्जत गेली."

"तुझी?" सरस्वती म्हणाली. "माईकवर मी बोलते."

ते ऐकून तो वरमला, पण गप्प बसेना. परत पुरून टाकू म्हणाला. नदीत सोडून येतो म्हणाला. मग म्हणाला, लावूनच टाकू, कुणाला काय कळतंय? "पुढच्या ओळीत म्हाताऱ्या बाया बसत्यात," सरस्वती म्हणाली, "आंधळ्या नायत त्या." आणि पत्रा कमरेला खोचून ती आत गेली. जयंतीपर्यंत तिनं तो विषय काढू दिला नाही. महेंद्र विक्रांतला कधी "थांब" म्हणे, कधी फोनच उचलत नसे. मैदानाकडे मात्र तो फिरकला नाही.

जयंतीच्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. भिंतीवर फौजींचे फोटो लागले होते आणि मधली एक फ्रेम रिकामी होती. लोक त्या फ्रेमकडे आणि महेंद्रकडे आळीपाळीनं बघत होते. तो दाराशी उभा राहून चपलेनं चप्पल घासत होता. सरस्वती उठली, निळ्या काठाचा पदर खोचला, माईक घेतला. गोष्ट नेहमीसारखीच सुरू झाली. नागपूर आलं. टोपली आली. वालधुनी आली. पुढच्या वाक्यासाठी हात टाळीला उचलले गेले.

"माझ्या बापानं मागं वळून पाहिलं नाही," ती म्हणाली आणि टाळी पडायच्या आत हात वर केला. "पण टोपलीत एक कमी होता."

मग तिनं सगळं सांगितलं. बाप शिपाई नव्हता हेही, वाळ्यांचंही. एक तरणा पोरगा उठून म्हणाला, "मावशी, आजच्या दिवशी हे काय बोलताय?" सरस्वती त्याच्यावर चिडली नाही. "बाळा, तो देव आमच्या घरात परत आला नाय आन येणार बी नाय. माझी आई पुन्हा कधी त्याच्या पाया पडली नाय. पण दीक्षेत पोराला विसर असं कुणी तिला सांगितलं नव्हतं." तिनं कमरेचा पत्रा काढून टेबलावर ठेवला. महेंद्र दारातून दोन पावलं आत आला. आता कुणीतरी ओरडणार, आईला खाली बसवणार, असं त्याला वाटत होतं.

पुढच्या ओळीतून विठाबाई उठली. वस्तीतली सगळ्यांत म्हातारी, गोजरबाईच्या, म्हणजे सरस्वतीच्या आईच्या शेजारची. गुडघ्यांवर हात टेकत टेबलापाशी आली. पत्रा उचलला, घोडेस्वाराची बाजू खाली केली, कोरी बाजू वर, आणि चांदी तळहातावर तोलून पाहिली.

"केवढा होता गं?" तिनं विचारलं.

सरस्वतीनं माईक ठेवला. ती वाकली आणि जमिनीपासून हात धरून दाखवला, गुडघ्याच्या जरासा वर.