अठ्ठावीस दाते की चौतीस

दादाच्या, म्हणजे माझ्या आतेभावाच्या, सायकलीच्या मागच्या चक्राचे दाते मी तीनदा मोजले. तिन्ही वेळा चौतीसच भरले. आणि मला दुकानातल्या मेकॅनिककाकांनी आदल्याच दिवशी अठ्ठावीस दात्यांचं चक्र बसवून दिलं होतं. "तुला एवढं पुरे," म्हणाले होते.

रविवारी घाटात निवड चाचणी. सोळा किलोमीटरचा सलग चढ, क्लबच्या संघात जागा एकच, आणि उरलेले आम्ही दोघे. मागे दाते जास्त तितका चढ हलका, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्यात काका आणि दादा रोज एकत्र चहा पितात. कुठेतरी पाणी मुरत होतं.

सायकल घेऊन थेट दुकान गाठलं. दादा तिथेच, टायरमध्ये हवा भरत.

"काका, याला चौतीस आणि मला अठ्ठावीस?"

"वजन बघ की त्याचं. चालतंबोलतं कपाट आहे ते."

"कपाटाला कान आहेत," दादा म्हणाला.

"वजनाचं राहू दे. माझा वेग किती धरलात?"

"चढावर ताशी तेरा."

"कुणी सांगितलं?"

काकांनी पान्याचं टोक दादाकडे वळवलं.

तेराच्या वेगाला अठ्ठावीस दात्यांवर पाय मिनिटाला पंच्याऐंशी फेरे मारतात. झकास. पण माझा खरा वेग दहा. दहाला फेरे पासष्टावर येतात आणि गुडघे अर्ध्या वाटेतच मान टाकतात.

"मुद्दाम सांगितलंस ना?"

"मुद्दाम? गेल्या महिन्यात जेवताना मामीसमोर कोण म्हणालं, घाट तेराने मारला म्हणून? मामी शेजारीपाजारी सांगून आली."

म्हणालो होतो खरा. तो तेरा फक्त पायथ्याच्या दीड किलोमीटरचा होता.

आता खरं बोलावं, तर दादाला माझा आकडा कळणार आणि तो सुरुवातीपासून त्याच हिशोबाने चालवणार. गप्प बसावं, तर अठ्ठावीस. पंपाचा आवाज थांबला होता.

"काका, दहा धरा."

"मग चौतीसच लागतील. आधी बोलायला तोंड शिवलं होतं?" काका चाक काढू लागले.

दादाने टोमणा मारला नाही. हसलाही नाही.

"दहा पूर्ण, की साडेनऊ?" त्याने विचारलं. फार सहज.

"तुझा किती?"

तो पुन्हा हवा भरायला लागला. टायर केव्हाच टणक झाला होता.