धाकटीच्या नावावर

"ताई, रागावणार नसाल तर एक बोलू?" कासेवरचे हात न थांबवता धाकटीने विचारलं.

थोरली गोठ्याच्या दाराशी उभी होती. आठवड्यापूर्वी पाय घसरून तिचं मनगट मुरगळलं होतं. तेव्हापासून तिच्या तिन्ही गाईंची धार धाकटी जाऊच काढत होती, तीही कुणी बोलावल्याशिवाय.

"बोल की."

"ते वेदीवरचं कापड. सहा वर्षं माझं डोकं पोखरतंय. आधी मी छातीठोकपणे सांगायचे, मी इस्त्रीला हातसुद्धा लावला नाही. पण आता वाटतं, लावला असेल. करून विसरले असेन. माझा वेंधळेपणा काय नवा आहे? तेव्हा तुमच्याशी उगाच भांडले. माफ करा मला."



गावात थोरलीच्या कामाचा दाखला देत. पहाटे गोठा, दिवसभर शेत, आणि शनिवारी दुपारी चर्च. फरशी धुणं, मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासणं, वेदीवरचं कापड धुऊन इस्त्री करणं, सगळं ती एकटी करी. "थोरलीने केलंय ना, मग बघायला नको," असं फादरसुद्धा म्हणत.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारीही ती घरी इस्त्रीच करत होती. दुसऱ्या दिवशी बिशप येणार होते. गावातल्या म्हाताऱ्यांनी वर्षभर खपून भरतकाम केलेलं ते पांढरं कापड समोर पसरलेलं होतं. इतक्यात गोठ्यात अडलेली गाय हंबरली आणि थोरली होती तशी धावली. वासरू सुखरूप बाहेर आलं. परतली तेव्हा खोलीभर करपट वास होता, आणि कापडावर इस्त्रीएवढा तपकिरी डाग. नेमके फादर दारात.

"हे काय झालं?"

"धाकटीला दोन मिनिटं बघ म्हटलं होतं," थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

सगळ्यांनी विश्वास ठेवला. कप फोडणारी, भाजीत दोनदा मीठ घालणारी धाकटीच ती. रविवारी ती मेणबत्ती लावायला पुढे झाली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "अगं जपून, चर्च पेटवशील!" बाकांवर खसखस पिकली. धाकटी मेणबत्ती तशीच ठेवून बाहेर गेली, ती पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. थोरली तेव्हा पहिल्याच बाकावर होती. पुढे दर महिन्याला ती फादरांपुढे पापं सांगायला गुडघे टेकी. चिडचिड, हेवा, प्रार्थनेतली डुलकी, सगळं सांगे. हे तेवढं गिळून उठे.

आता तिच्या पापाची माफी धाकटी मागत होती.

"तू नव्हतीस," थोरली म्हणाली.

धाकटीचे हात थांबले.

"इस्त्री मीच विसरले. तू त्या दिवशी घरात नव्हतीसच, बाजाराला गेली होतीस. मी खोटं बोलले."

धाकटीने मान वर केली नाही. उरलेली धार काढली, दूध गाळलं, हात धुतले. मग पदराला हात पुसत म्हणाली, "म्हणजे मला वेड नव्हतं लागलं." आणि ती गेली.

रविवारी प्रार्थना संपताना थोरली उभी राहिली. शनिवार, गाय, इस्त्री, धाकटीवर घातलेला आळ, तिने सगळं सांगितलं. कुणी खोकलंही नाही. फादरांनी चष्मा काढून हातात धरला. शेवटी शेजारची म्हातारी तिचा दंड थोपटत म्हणाली, "जाऊ दे गं, कापडच तर होतं." त्या मायेच्या शब्दांनी थोरली मेल्याहून मेल्यासारखी झाली.

तिथून ती तडक धाकटीकडे गेली. धाकटी पायरीवर बसून शेंगा सोलत होती.

"सांगितलं मी."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"हसले?"

"नाही."

धाकटीने एक शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले.

"माझ्या वेळी हसले होते," ती म्हणाली.

धाकटीने तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोरली चर्चला जायच्या ठेवणीतल्या कपड्यांत, उन्हात, अंगणात उभी राहिली.