यल्लव्वाचा नवा चष्मा

शेतात टांगलेल्या पिवळ्या चिकट कार्डांचे फोटो बघायचे, पांढऱ्या माश्या मोजायच्या आणि फवारणीचा निरोप धाडायचा, हे बेळ्ळंदूरच्या ऑफिसात वीणाचं काम. त्या दिवशी मेला डबा गार होत होता, म्हणून यल्लव्वा या शेतकरणीच्या टोमॅटोतल्या कार्डावरचे ठिपके तिने धूळ समजून उडवले आणि ‘पीक ठीक’ कळवून मोकळी झाली.

तीन आठवड्यांनी सगळं कबूल करायला ती मळ्यात गेली. पानं पार आकसली होती. यल्लव्वाच ओशाळून म्हणाली, “माश्या मला दिसत होत्या गं पोरी. पण तू ठीक म्हणालीस, म्हटलं आपलेच डोळे गेले. नवा चष्मा केला, तर मेल्या आणखीच दिसतात!”

वीणा म्हणाली, “छान दिसतो हो तुम्हाला चष्मा.”